देवदाराखालचे विणकर

आश्विन सरत आला की दिल्लीच्या हवेतील पावसाळी ओल निवळू लागते आणि पहाटे दव पडते. अशा वेळी लोदी बागेत किंवा रिजच्या कडेने फिरायला निघालेल्या माणसाला हिरवळीवर जागोजाग पांढऱ्या चादरी अंथरलेल्या दिसतात. कोणी हातरुमालाएवढी, कोणी ताटाएवढी. ऊन चढले, दव उडाले की त्या दृष्टीआड होतात. वास्तविक त्या तेथेच असतात. दवाच्या थेंबांनी त्यांना घटकाभर दृश्य रूप दिलेले असते, एवढेच. वाकून पाहिले तर चादरीच्या एका बाजूला नळीसारखे विवर असते आणि त्याच्या तोंडाशी एक करड्या रंगाचा कोळी दबा धरून बसलेला असतो. एखादा कीटक चादरीवर उतरला की तो विवरातून झेप घेतो, चादरीवरून धावत जातो आणि भक्ष्य ओढून आत नेतो.

चादर विणणारे कोळी म्हणून प्राणिशास्त्रात एक फार मोठे कुल प्रसिद्ध आहे. दिल्लीच्या हिरवळीवरचा हा विणकर त्याच कुलातला असावा, असे कोणालाही सहज वाटेल. तो त्या कुलातला नाही. तो हिप्पासा या प्रजातीतला असून त्याचे गणगोत जाळे न विणता जमिनीवर धावून शिकार करणाऱ्या लांडगा-कोळ्यांत आहे. त्याच्या डोळ्यांची मांडणी त्यांच्यासारखी. आणि त्याची मादी अंड्यांची पिशवी त्यांच्याच मादीप्रमाणे पाठीमागे शरीराला चिकटवून हिंडते. शिकाऱ्यांच्या घराण्यात जन्मून त्याने विणकराचा धंदा पत्करला, असे म्हणावे लागेल.

धंद्यावरून जात ओळखण्याची ही सवय भाषेतही मुरलेली आहे. मराठीत मासे धरणारा तो कोळी आणि माश्या धरणारा तोही कोळीच. दोघांच्याही हाती जाळे, म्हणून दोघांना एक नाव. संस्कृतात ऊर्णनाभ हा शब्द आहे. नाभीपाशी लोकर असलेला, असा त्याचा अर्थ. युरोपातही प्रारंभी हेच झाले. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ लात्रेय यांनी १८०४ साली चादर विणणाऱ्या कोळ्यांच्या प्रजातीला लिनिफिया हे नाव दिले. ते ग्रीक शब्दावरून घेतलेले असून जवसाच्या धाग्याचे कापड विणणारा, असा त्याचा अर्थ आहे. या कोळ्यांच्या वर्गीकरणाचा पुढचा इतिहास म्हणजे जाळ्यावरून पटणारी ही ओळख हळूहळू सोडून देण्याचा इतिहास आहे. आणि हिमालयातील कोळ्यांच्या बाबतीत तो अजून संपलेला नाही.

हे खरे चादरवाले पाहावयाचे तर दिल्लीहून यमुनेच्या उगमाच्या दिशेने जावे लागते. एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या रुळांखाली घालावयाचे देवदारी स्लीपर टोन्स आणि यमुना या नद्यांच्या प्रवाहात सोडून मैदानात आणीत असत. ज्या रानांतून ते लाकूड येई, त्या चक्राता आणि गढवालच्या रानांत, तसेच सिमल्याच्या वरच्या डोंगरांत देवदार, कैल, रई आणि तोस हे सूचिपर्णी वृक्ष दाटीने उभे असतात. त्यांच्या खालच्या फांद्या उन्हाअभावी वाळतात, पण लवकर गळून पडत नाहीत. या वाळक्या काटक्या म्हणजे विणकराला हव्या तितक्या खुंट्या. जमिनीवर सुयांसारख्या पानांचा जाड थर कुजत पडलेला असतो आणि त्यात डोळ्यांना जेमतेम दिसणारे असंख्य कीटक वाढतात. वर खुंट्या आणि खाली भरलेले कोठार, अशी ही जागा. उत्तर युरोपातील स्प्रूसच्या रानांत तर कोळ्यांमध्ये या कुलाचेच राज्य असते. ज्या फांदीवर पाने दाट, तिच्यावर कोळी अधिक, हे स्वीडनमधील संशोधकांनी मोजून दाखवले आहे. पाने झडू लागली की कोळ्यांची संख्या घटते.

त्यांचे जाळे हिप्पासाच्या जाळ्याहून अगदी निराळे असते. त्यात विवर नसते. चादर अधांतरी ताणलेली असते. कधी सपाट, कधी घुमटासारखी. तिच्या वर आडव्यातिडव्या धाग्यांचे एक विस्कळीत जंजाळ असते. कोळी चादरीच्या वर येतच नाही. तो तिच्या खाली, पाठ जमिनीकडे करून, उलटा लटकलेला असतो. उडता कीटक वरच्या जंजाळात अडखळतो आणि चादरीवर आदळतो. मग कोळी खालून चादरीतूनच त्याला चावतो आणि फाडलेल्या भोकातून आत ओढतो. भोक मागाहून दुरुस्त होते. मात्र हे झाले या कुलातील थोर मंडळींचे. बहुसंख्य जाती दोन-तीन मिलिमीटरच्या असून पालापाचोळ्यातच एखाद्या टिकलीएवढ्या जाळ्यावर आयुष्य काढतात. पिले आणि बुटक्या जातींतले प्रौढही गवताच्या टोकावर चढून धागा वाऱ्यावर सोडतात आणि त्याच्या आधाराने हवेत उडून जातात. १८३२ साली डार्विनच्या जहाजावर किनाऱ्यापासून साठ मैल दूर असताना असे उडते कोळी येऊन उतरले होते. वाऱ्याप्रमाणेच हवेतील विद्युत्क्षेत्रही त्यांना उचलून धरते, असे २०१८ साली ब्रिस्टल येथील प्रयोगांत आढळले.

या कुलात आज ४,८०० हून अधिक जाती आणि ६०० हून अधिक प्रजाती नोंदलेल्या आहेत. उड्या मारणाऱ्या कोळ्यांचे कुल सोडले तर कोळ्यांत एवढे मोठे कुल दुसरे नाही. सर्वसाधारणपणे विषुववृत्ताकडे जावे तसे जीवजातींचे वैविध्य वाढते. या कुलाचे मात्र उलट आहे. थंड प्रदेश हे त्याचे माहेर. भारतात त्याचा मोठा भाग हिमालयात असावा, हे त्यामुळे ओघानेच येते.

त्याची पहिली नोंद मात्र स्वीडनमध्ये झाली. क्लेर्क या गृहस्थाने १७५७ साली आपल्या देशातील कोळ्यांवर सचित्र ग्रंथ छापला, आणि आज युरोपभर ओळखली जाणारी त्रिकोणी खुणांची लिनिफिया त्यात वर्णिलेली आहे. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची सुरुवात लिनिअसच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून मानण्याचा दंडक आहे. केवळ क्लेर्कच्या या एका पुस्तकासाठी त्याला अपवाद केला गेला. हा मान कोळ्यांखेरीज दुसऱ्या कोणत्याही प्राण्यांच्या वाट्याला आलेला नाही. पुढे १८५९ साली जॉन ब्लॅकवॉल यांनी या कोळ्यांचे स्वतंत्र कुल मांडले. ब्लॅकवॉल मँचेस्टरचे, आयर्लंडहून जवसाचे कापड आणून विकणे हा त्यांच्या घराण्याचा व्यापार. कापडवाल्याने विणकरांचे कुल स्थापावे, हा योग मोठा गमतीचा आहे. याच ब्लॅकवॉल यांनी १८६७ साली हिंदुस्थानातून आलेल्या काही कोळ्यांचे वर्णन केले. त्यांत हिप्पासाची एक जाती होती. तो कोळी चादर विणतो हे बाटलीतल्या मृत नमुन्यावरून कळण्याजोगे नव्हते. ब्लॅकवॉल यांनी शरीर पाहून त्याला सरळ लांडगा-कोळ्यांत घातले. त्याची प्रजाती पुढे बदलली, पण कुल बदलावे लागले नाही. जाळे न दिसल्याने येथे चूक टळली, असेच म्हटले पाहिजे.

हिमालयातील चादरवाल्यांची कथा अधिक खडतर आहे, आणि तिच्या आरंभी एक मृत्यू आहे. फर्डिनांड स्टोलिच्का हा मोराव्हियात १८३८ साली जन्मलेला भूशास्त्रज्ञ १८६२ साली कलकत्त्याच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणात रुजू झाला. जीवाश्म हा त्याचा मुख्य विषय. स्पितीच्या खोऱ्यात त्याने मोठे काम केले. परंतु जिवंत प्राण्यांची ओढही त्याला तेवढीच होती. गोगलगाई, सरडे, पक्षी, काहीही त्याला वर्ज्य नव्हते. १८६९ साली त्याने बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात हिंदुस्थानातील कोळी व त्यांचे सगेसोयरे यांवर निबंध लिहिला. या देशात राहून, येथील कोळी जिवंत पाहून लिहिणारे त्या काळी विरळा. १८७३ साली सर डग्लस फोरसाइथ यांच्या नेतृत्वाखाली यारकंदला दुसरे शिष्टमंडळ निघाले, तेव्हा निसर्गशास्त्रज्ञ म्हणून स्टोलिच्काची निवड झाली. हेतू राजकीय आणि व्यापारी होता. कोळी गोळा करणे हे त्या थाटामाटाच्या मोहिमेत अगदी किरकोळ काम. काश्मीरच्या सूचिपर्णी रानांतून लडाख, तेथून काराकोरम ओलांडून यारकंद आणि काश्गर, पुढे पामीर, असा प्रवास झाला. परतताना काराकोरमची खिंड पार केल्यावर विरळ हवेने त्याला ग्रासले. १९ जून १८७४ रोजी लडाखमधील मुर्गो या मुक्कामी त्याचा अंत झाला. वय अवघे ३६. लेह येथे त्याची समाधी आहे.

संग्रह मात्र सुखरूप पोहोचला. तो निरनिराळ्या तज्ज्ञांमध्ये वाटला गेला आणि कोळी गेले इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यात, ब्लॉक्सवर्थ गावच्या पाद्र्याकडे. ऑक्टेव्हियस पिकार्ड-केंब्रिज हे त्यांचे नाव. जगाच्या कानाकोपऱ्यातून या खेड्यात कोळ्यांच्या बाटल्या येत आणि केंब्रिज त्यांचे नामकरण करीत. यारकंदच्या कोळ्यांवरील त्यांचा ग्रंथ १८८५ साली सरकारने प्रसिद्ध केला. मुंबईत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले ते याच वर्षी. केंब्रिज यांचे वर्णन काळजीपूर्वक आहे. पण ज्याने ते कोळी धरले, तो कशा जाळ्यात, कोणत्या झाडाखाली, किती उंचीवर सापडले हे सांगायला हयात नव्हता. चादरीसारखे जाळे असणाऱ्या अनेकांना लिनिफिया हे एकच नाव मिळाले. ती प्रजाती तेव्हा एखाद्या घरातील अडगळीच्या पेटीसारखी झाली होती. जे दुसरीकडे बसत नाही ते तिच्यात.

याला उपाय होता, पण तो सूक्ष्मदर्शकाखाली होता. नर कोळ्याच्या तोंडाजवळ पादमृश नावाचे दोन लहान अवयव असतात. त्यांच्या टोकाला वीर्य साठवून मादीला देण्याचे यंत्र असते, आणि ते दर जातीत निराळे. या कुलात तर त्याची गुंतागुंत पराकोटीला गेली आहे: वळलेल्या पट्ट्या, आकडे, पापुद्रे, सुईसारखी नळी. मादीच्या पोटाखाली त्याला जुळणारी रचना असते. कुलूप आणि किल्ली म्हणावे तसे. बुटक्या जातींतील नरांची डोकीही विलक्षण असतात. कोणाच्या डोक्यावर मनोरा, कोणाच्या खाचा; मीलनाच्या वेळी मादी त्यांतच आपले दात रोवते. पण नर प्रौढ होतो तो वर्षातले थोडे दिवस, आणि जाळे सोडून मादीच्या शोधात भटकतो. संग्राहकाला जाळ्यात सापडते ती बहुधा मादी. नराविना वर्णिलेली जाती म्हणजे किल्लीविना कुलूप. ते कोणत्या घराचे हे सांगणे कठीण.

युरोपातील थोर मंडळींनाही हे कुल कोठे ठेवावे याचा निर्णय होत नव्हता. पॅरिसच्या सिमाँ यांनी आपल्या प्रचंड ग्रंथात त्याला चाकासारखे जाळे विणणाऱ्यांच्या कुलातील एक उपकुल केले. काहींनी बुटक्यांना निराळे कुल देऊन टाकले. १९६३ साली मेरेट यांनी नरांच्या पादमृशांचा तुलनात्मक अभ्यास केला. १९७६ साली ब्लेस्ट यांनी श्वासनलिका तपासल्या. १९७७ मध्ये मिलिज यांनी पुन्हा पादमृश आणि पुढे मादीची रचना घेऊन साऱ्या कुलाची फेरमांडणी केली. त्याआधीच, १९६९ मध्ये, लायडनच्या व्हान हेल्सडिंगेन यांनी लिनिफिया ही अडगळीची पेटी उपसली होती. हे अवयव केवळ दिसतात कसे यावर न थांबता ते मीलनाच्या वेळी कसे चालतात, हे पाहून त्यांनी तिच्यातील कितीतरी जाती नेरिएने आणि इतर प्रजातींत हलविल्या. कोळ्यांच्या अभ्यासकांना हा ग्रंथ रुक्ष वाटत नाही. इतरांना तो सोसवेल असे नाही.

भारतात या मंथनाचे पडसाद उशिरा उमटले. पॉकॉक यांचा १९०० सालचा खंड विंचू आणि कोळी यांना एकाच पुस्तकात बसवणारा; बारीक चादरवाल्यांना त्यात कितीशी जागा मिळणार? १९१६ साली कलकत्त्यात भारतीय प्राणिवैज्ञानिक सर्वेक्षण स्थापन झाले. युद्धकाळात, १९४२ मध्ये, सुरक्षितता म्हणून त्याचे संग्रह वाराणसीला हलविण्यात आले. आणि बॉम्बपासून वाचवलेले नमुने पुढच्याच वर्षी वरुणा नदीच्या पुरात सापडले. बरेच खराब झाले. जेथे एका नमुन्यावर एका जातीचे नाव टिकून असते, तेथे अशा पुराचे नुकसान बाटल्यांच्या संख्येत मोजता येत नाही.

या सर्वेक्षणात कोळ्यांच्या अभ्यासाला वाहून घेणारे पहिले भारतीय म्हणजे बिनय कृष्ण टिकादार. ते बंगाली, पण त्यांच्या कार्याचा मोठा काळ पुण्यात, १९५९ साली उघडलेल्या पश्चिम विभागीय केंद्रात गेला. सह्याद्रीच्या पायथ्याशी बसून त्यांनी अंदमानपासून सिक्कीमपर्यंतचे कोळी पाहिले आणि १९८७ साली भारतीय कोळ्यांची हस्तपुस्तिका लिहिली; मधल्या काळात ते साऱ्या सर्वेक्षणाचे संचालकही झाले होते. सिक्कीमच्या कोळ्यांवरील त्यांचा प्रबंध १९७० सालचा. सिक्कीम तेव्हा भारताचे राज्य झाले नव्हते. त्यात चादरवाल्यांच्या नव्या जाती आहेत, आणि त्यांना त्यांनी लिनिफिया याच प्रजातीत घातले. लायडनमध्ये पेटी उपसली गेली १९६९ साली आणि पुण्याहून तिच्यात भर पडली १९७० साली. यात टिकादारांना दोष देणे अन्याय्य होईल. जुने नमुने ऑक्सफर्ड, लंडन, पॅरिसमध्ये. तुलनेला हाताशी काही नाही. आणि साऱ्या देशाच्या कोळ्यांचा भार एका माणसावर. केंब्रिज यांचा स्वतःचा संग्रह त्यांच्या पश्चात ऑक्सफर्डच्या संग्रहालयात गेला. काश्मिरातील कोळ्याचे नाव तपासायचे तर समुद्र ओलांडावा लागे.

शेजारच्या नेपाळात याच सुमारास जर्मन प्राणिशास्त्रज्ञ योखेन मार्टेन्स रानातील पाचोळा चाळणीने चाळून बुटके कोळी गोळा करीत होते. त्यांवर व्हुंडरलिश यांनी १९८३ मध्ये आणि मॉस्कोच्या तानासेविच यांनी १९८७ मध्ये लिहिले. तानासेविच यांनी २०११ साली पाकिस्तान, भारत, नेपाळ आणि भूतान यांतील जातींवर जो निबंध प्रसिद्ध केला, तो हिमालयाच्या या विणकरांसाठी आजही हाताशी ठेवावा लागतो.

दिल्लीचा या कथेत प्रवेश होतो तो कायद्याच्या रूपाने. २००२ साली संसदेने जैवविविधता कायदा संमत केला. त्याच्या ३९व्या कलमात एक लहानशी तरतूद आहे: या देशात कोणालाही नवी जाती सापडली तर त्याने तसे नेमून दिलेल्या संस्थेला कळवावे आणि पुराव्याचा नमुना तिच्याकडे ठेवावा. स्टोलिच्काच्या बाटल्या ज्या वाटेने गेल्या, ती वाट या कलमाने बंद झाली. कायद्याला दुसरीही बाजू आहे. २००८ साली दार्जिलिंग जिल्ह्यातील सिंगालीला परिसरात परवान्याशिवाय कीटक गोळा केल्याबद्दल दोन चेक अभ्यासकांना अटक झाली आणि न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. मोराव्हिया आज चेक देशातच आहे. स्टोलिच्काच्या देशबांधवांवर हा प्रसंग आला. जगभरच्या अनेक शास्त्रज्ञांनी तेव्हा नाराजी दाखवली, आणि नमुने परदेशी तज्ज्ञाकडे तपासणीला पाठवणेही आता अवघड झाल्याची तक्रार भारतीय अभ्यासकही करतात. तक्रारीत तथ्य आहे. तथापि नमुना घरी ठेवण्याचा आग्रह चुकीचा नाही. मात्र घर भक्कम हवे. २६ एप्रिल २०१६ च्या पहाटे दिल्लीत मंडी हाउसजवळील राष्ट्रीय निसर्ग-इतिहास संग्रहालयाला आग लागली आणि १९७८ पासून तेथे जमवलेले सारे काही जळून गेले.

आज वर्गीकरणाच्या कामात जनुकांचीही साक्ष काढली जाते. ओर्मिगा यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस या कुलाची वंशावळ नव्याने मांडली, आणि २००९ साली जनुकीय पुराव्यावरून तिची तपासणी झाली. बुटक्यांचे निराळे कुल त्यात टिकले नाही. ते याच वृक्षाची एक मोठी फांदी ठरले. उलट, ज्यांना थोरल्या चादरवाल्यांतच धरत असत असे काही कोळी त्यातून बाहेर पडले होते. पिमोआ ही त्यांची प्रजाती. चादर तशीच आणि उलटे लटकणेही तसेच. एवढेच नव्हे, पाय ओढला तर तो गुडघ्यापुढच्या त्याच सांध्यात तुटतो. पण नराच्या पादमृशाची घडण वेगळी. १९८६ साली व्हुंडरलिश यांनी त्यांना स्वतंत्र कुल दिले. हे कुल लिनिफियाच्या कुलाची सख्खी बहीण समजले जाते. पिमोआच्या जाती अमेरिकेचा पश्चिम किनारा, दक्षिण युरोपातील पर्वत आणि हिमालय व चीन, अशा एकमेकांपासून तुटलेल्या ओल्या प्रदेशांत उरल्या आहेत. १९९४ साली ओर्मिगा यांनी त्या साऱ्यांचा आढावा वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतर्फे प्रसिद्ध केला. त्यात भारतातील काही नव्या जाती आहेत, आणि त्यांतल्या एका विणकराचे शास्त्रीय नाव आहे पिमोआ गांधीआय.